रात्रपाळी कोणाची? : मराठी तुरुंगसाहित्यातला शिपाई

माझे मामा तुरुंगात होते. हे वाक्य मी सातवीत असताना वर्गात बोललो आणि वर्ष संपेपर्यंत त्याची फळे भोगली. मामा तुरुंगात शिपाई आहेत, हा पुढचा खुलासा ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. मालवणातल्या आमच्या वाडीत कोणी मुंबईच्या गिरणीत होता, कोणी गोदीत, कोणी एस.टी.त, कोणी बोटीवर. गणपतीला आणि मे महिन्यात ही माणसे येत आणि ओटीवर बसून आपापल्या नोकरीच्या गोष्टी सांगत. मामाही येत. पण त्यांच्याकडे गोष्ट नसे. कोणी फारच खोदून विचारले तर म्हणत, "थंय बघण्यासारखा काय नाय रे. भिंत आसता."

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते कायमचे गावी आले. नोकरीतून त्यांनी आणलेली एकच गोष्ट आम्हांला दिसे, ती म्हणजे मोजण्याची सवय. लग्नाच्या पंगतीत ते माणसे मोजत. एस.टी.त चढले की मोजत. चिवल्याच्या वेळेवर रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसे मोजत आणि मधे कोणी विडी ओढायला बाजूला झाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ते गेल्यावर, काहीशा अपराधी भावनेने, मी तुरुंगाविषयीची पुस्तके वाचायला लागलो. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. झेरॉक्सच्या दुकानावर बसून आणि मालवणच्या नगर वाचन मंदिरात जाऊन जे हाती आले ते वाचले. अधूनमधून सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात फेरी मारली. तेव्हा या लेखातले वाचन एका वाटेने गेलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र शोध एकाच माणसाचा होता. या सगळ्या पुस्तकांत माझे मामा कुठे आहेत, एवढेच मला पाहायचे होते.

मराठीला तुरुंगाचे वावडे कधीच नव्हते. आपल्या भाषेतली काही थोर पुस्तके तर तुरुंगातच जन्मली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेत लिहिले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आणीबाणीने आणखी एक पिढी आत पाठवली आणि तिच्याही आठवणी ग्रंथालयाच्या कपाटात जागा धरून आहेत. म्हणजे गीतेवरची आपली दोन प्रमुख पुस्तके आणि आईवरचे सर्वांत लाडके पुस्तक कुलपाआड तयार झाले. ते कुलूप लावणारा, पहाटे उघडणारा, रात्री गजावरून हात फिरवून पाहणारा कोणीतरी होताच. गुरुजी लिहीत होते त्या रात्री बाहेर पहारा कोणाचा होता? हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारलेला माझ्या वाचनात नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण या पुस्तकांत तुरुंग ही केवळ लिहिण्याची जागा आहे. विषय दुसरा आहे.

तुरुंग हाच विषय असलेले मराठीतले मोठे पुस्तक म्हणजे सावरकरांचे 'माझी जन्मठेप'. १९२७ साली ते पुस्तकरूपाने आले. त्याच्या विचारांविषयी वाद आहेत आणि राहतील, पण तुरुंगाचे अंतरंग दाखवणारे दस्तऐवज म्हणून ते पुन्हा वाचावे असे मी सुचवीन. अंदमानच्या सेल्युलर जेलचा आयरिश जेलर बारी हे त्यातले सर्वांत जिवंत पात्र आहे. तो बढाईखोर आहे, क्रूर आहे, बोलका आहे. लेखकाला त्याचा रागही येतो आणि त्याच्यात रसही वाटतो. खलपुरुष चांगला उतरला की वाचकाचे लक्ष तिथेच खिळते, तसे इथे होते. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझेही झाले. दुसऱ्या वाचनात मात्र बारीच्या खालची माणसे दिसू लागली. वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार. ही सगळी शिक्षा भोगणारी माणसेच होती. वागणूक पाहून त्यांना इतर कैद्यांवर अधिकार दिला जाई. काल कोलू फिरवणारा आज कोलूवर नजर ठेवायला उभा राही. १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टमध्ये अशा बंदी-अधिकाऱ्यांची सोयच होती, तेव्हा हा बारीचा लहरीपणा नव्हता. सावरकर त्यांच्यापैकी दुष्टांची नावे घेतात आणि मेहेरबानांचे उपकारही नोंदवतात. चोरून निरोप पोचवणारा, बातमी आणणारा, धाकात असूनही माणुसकी दाखवणारा शिपाई पुस्तकभर येऊन जातो. पण येऊन जातो एवढेच. तो दाराशी येतो, कोठडीतल्या माणसाला काही देतो किंवा त्याच्याकडून काही हिरावून घेतो आणि निघून जातो. दारापासून पुढे तो कुठे जातो हे लेखकाला दिसणे शक्यच नव्हते. कोठडीच्या गजांतून दिसतो तेवढाच शिपाई मराठी साहित्यात आला, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. यात लेखकाचा दोष नाही. ही नजरेची मर्यादा आहे आणि गंमत अशी की ती मर्यादा तुरुंगानेच घालून दिलेली आहे.

मग तुरुंगवाल्याला नायक केले कोणी? ते केले शांतारामबापूंनी, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ'मध्ये. चित्रपट हिंदी असला तरी मी त्याला मराठी मानतो. कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिचे मूळ माडगूळकरांच्याच मुलखातले, औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचे. संगीत वसंत देसाईंचे. ते तर आमच्याच बाजूचे, सावंतवाडी संस्थानातल्या सोनवड्याचे. त्यांनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांच्या परिपाठात म्हटली जाते, आणि ती तुरुंगातल्या माणसांसाठी रचली गेली होती हे म्हणणाऱ्या मुलांच्या गावीही नसते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले. बैलाशी झुंजीचे दृश्य घेताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली आणि दोन डोळ्यांवरच्या चित्रपटासाठी दिग्दर्शकाचे डोळे जातात की काय अशी वेळ आली. हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. गोष्टही ठाऊक आहे. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर, एका ओसाड माळावर घेऊन जातो, त्यांच्याकडून जमीन कसून घेतो, भाजी पिकवतो. ते पळून जातात आणि त्याच्या डोळ्यांच्या आठवणीने परत येतात. रास्त भावात भाजी विकल्यामुळे बाजारातल्या दलालांशी वैर होते आणि त्यात आदिनाथचा जीव जातो.

हा चित्रपट मामांनी रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. वाडीतली निम्मी माणसे त्या खोलीत होती. बायका रडत होत्या. मामा शेवटपर्यंत गप्प बसून होते. बाहेर पडताना मी मुद्दाम विचारले, कसा वाटला? ते म्हणाले, "बरो आसा. पण रात्रपाळी कोणाची?"

तेव्हा मी हसलो होतो. आज मला वाटते, या चित्रपटावर इतके लिहिले गेले, पण इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. आदिनाथ एकटा आहे. सहा माणसे, चोवीस तास, आणि पाहणारे डोळे दोन. तो झोपतो केव्हा? त्याच्या जागी कोण येतो? त्याला रजा लागली तर? चित्रपटाचे उत्तर असे की डोळे मिटले तरी नजर उरते. ती कैद्यांच्या मनात जाऊन बसते. कला म्हणून हे उत्तर भव्य आहे, आणि शेवटच्या आकाशभर डोळ्यांपुढे मीही मान तुकवतो. पण थोडे थांबून पाहिले तर त्यात एक धसका बसवणारी गोष्ट आहे. जेरेमी बेंथॅमने अठराव्या शतकाच्या अखेरीस जो गोल तुरुंग कल्पिला होता, त्याचे तत्त्व नेमके हेच होते. मधल्या मनोऱ्यात पहारेकरी असो वा नसो, तो आहे असे कैद्याला सतत वाटले पाहिजे. मधला मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या सात शाखा, ही अंदमानच्या सेल्युलर जेलची रचनाही त्याच घराण्यातली. शांतारामबापूंनी भिंत पाडली, मनोरा पाडला, आणि मनोऱ्यातली नजर मात्र आदिनाथच्या कपाळाखाली बसवली. बारीला जे दहशतीने साधायचे होते ते आदिनाथने मायेने साधले. फरक प्रचंड आहे, मी तो कमी लेखत नाही. पण दोन्हीकडे पाहणाऱ्या माणसाला थकवा नाही.

इथे एक योगायोग सांगायचा मोह होतो. केंद्र सरकारच्या आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा कैद्यांमागे एक रक्षक असावा असे प्रमाण दिले आहे. सहा आणि एक! बारा हात, दोन डोळे. माडगूळकरांनी नियमावली पाहिली असण्याचा प्रश्नच नाही, ती कितीतरी नंतरची. पण कवीचा आकडा आणि सरकारचा आकडा जुळला खरा. मामांना हे सांगायला ते नव्हते. असते तर त्यांनी लगेच पुढचे गणित मांडले असते: सहाला एक म्हणजे तीन पाळ्यांत अठराला एक, त्यातून साप्ताहिक सुटी वजा, रजा वजा, कैदी घेऊन कोर्टात किंवा दवाखान्यात गेलेले वजा. आणि हे सर्व नियमावलीप्रमाणे माणसे भरलेली असतील तर. भरलेली नसतात, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८३ मध्येच तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांची दशा सुधारल्याखेरीज तुरुंग सुधारणार नाहीत, या दिशेने बरेच काही सांगून ठेवले होते.

चित्रपटाविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती स्वतंत्रपूरविषयी वाचताना सुचली. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून ती खुली वसाहत उभी राहिली. (फ्रीडमन म्हणजे विलक्षण माणूस. गांधीजींच्या सहवासात आला, औंधला प्रजेच्या हाती कारभार देण्याच्या प्रयोगात राबला, आणि म्हातारपणी निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन १९७३ मध्ये 'आय ॲम दॅट' हे जगभर गेलेले पुस्तक त्याने सिद्ध केले. निसर्गदत्त महाराज मूळचे आमच्या मालवण तालुक्यातल्या कांदळगावचे. वॉर्सापासून निघालेली वाट आटपाडीवरून कांदळगावच्या माणसापर्यंत यावी, हे मला अजून नवल वाटते.) या वसाहतीचे वैशिष्ट्य काय? तिथे कैदी आपल्या बायकामुलांसह राहतो. घर, शेत, गुरे, पोरे. पळून जायचे नाही ते पोरांना सोडून कुठे जाणार म्हणून, आणि राहायचे तेही पोरांसाठी. हे सारे चित्रपटाने काढून टाकले. सहा एकटे पुरुष, एक एकटा अधिकारी आणि खेळणी विकत फिरणारी चंपा. का काढले असेल? माझा तर्क असा की संसारी कैद्यांच्या वसाहतीत संत एकटा उठून दिसत नाही. कैद्यांना परत आणणारी गोष्ट चुलीवरची भाकरी असेल, तर आकाशातल्या डोळ्यांना काम उरत नाही. शांतारामबापूंना डोळे हवे होते. त्यासाठी त्यांनी स्वतंत्रपूरमधली सर्वांत क्रांतिकारक कल्पना, तुरुंगात कुटुंब ही, बाजूला ठेवली. त्याबरोबर आणखी एक घर कापले गेले, ते आदिनाथचे. त्याला ना बायको, ना पोर, ना क्वार्टर, ना पगाराची तारीख.

क्वार्टर हा शब्द मी सहज वापरलेला नाही. आमच्या मामीने उभा संसार तुरुंगाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत केला. आतला टोल तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. आत काही गडबड झाली की धोक्याची घंटा होई आणि जेवते ताट सोडून मामा पळत. १८९४ च्या त्या कायद्यात तुरुंगाधिकाऱ्याने वरिष्ठाच्या लेखी परवानगीविना एक रात्रही तुरुंगापासून दूर राहू नये असे लिहिलेले आहे. त्याच कायद्याच्या ५४ व्या कलमाखाली कर्तव्यात कसूर करणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकत. ज्याच्या हाती चावी त्याच्यासाठीही कोठडीची तरतूद करून ठेवणारा हा कायदा वाचला तेव्हा 'मामा तुरुंगात होते' या माझ्या सातवीतल्या वाक्याला मी पहिल्यांदा मनातून माफ केले.

भिंतीलगतचे हे घर मराठीत एकाच लेखकाला दिसले असे मला वाटते, आणि तो लेखक सहानुभूतीने पाहील अशी अपेक्षा कोणी केली नसती. अनिल बर्वे. 'थँक यू मिस्टर ग्लाड' ही त्यांची कादंबरी आणि तिच्यावरून आलेले नाटक सत्तरच्या दशकातले. बर्वे डाव्या विचारांचे, नायक वीरभूषण पटनायक हा फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी, आणि ग्लाड हा साहेबी वळणाचा, कैद्यांना मोडण्यात हयात गेलेला तुरुंगप्रमुख. हा सामना ठरल्या वाटेने जाऊ शकला असता. पण बर्वेंनी ग्लाडला घर दिले आणि मुलगी दिली. जेनीच्या बाळंतपणाची अडलेली वेळ येते, आणि ज्याला फासावर चढवायचे तो कैदी डॉक्टर निघतो. त्या प्रसंगात क्वार्टर आणि कोठडी यांमधली भिंत पार होते, आणि पार करणारा असतो कैदी. ग्लाडच्या कठोरपणाला तडा जातो तो उपदेशाने जात नाही, घरावर आलेल्या अडचणीने जातो. हे मला आदिनाथच्या हृदयपरिवर्तनाच्या साऱ्या प्रयोगांपेक्षा खरे वाटते. शेवटी फाशीच्या दोराऐवजी गोळीने मरण मागणाऱ्या पटनायकची इच्छा ग्लाड पुरवतो. तो शेवट नाट्यमय आहे, काहींना तो भडक वाटतो, मलाही पहिल्यांदा वाटला. परंतु एक गोष्ट त्यात चोख आहे. ज्या माणसाने आयुष्यभर नियमाआड उभे राहून माणसे मारली, जगवली, त्याला एकदा तरी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर काही करावे लागते.

तरीही ग्लाड साहेब आहे. बारी साहेब, आदिनाथ साहेब, ग्लाड साहेब. तुरुंगाच्या पायऱ्या मामांनी मला एकदा बोटांवर मोजून दाखवल्या होत्या: शिपाई, हवालदार, सुभेदार, मग तुरुंगाधिकारी, मग अधीक्षक, आणि त्याच्यावर पुण्याला बसणारे. मराठी साहित्य-नाटक-चित्रपटाने वरच्या दोन पायऱ्यांवरची माणसे घेतली. खालच्या तीन पायऱ्या, जिथे प्रत्यक्ष काम चालते, त्या मोकळ्याच आहेत. नाट्य साहेबात असते असे आपण धरून चालतो. वास्तविक अधिकाऱ्यापेक्षा शिपाई कैद्याजवळ अधिक तास असतो. सकाळची गिनती, संध्याकाळची बंदी, झडती, मुलाखतीला आलेल्या बाईला जाळीपलीकडे नवरा दिसतो तेव्हा तिच्या मागे उभे राहणे, हे सगळे त्याचे. गिनती जुळली नाही तर जुळेपर्यंत कोणी हलायचे नाही, ना कैदी ना शिपाई. त्या वेळात दोघेही सारखेच अडकलेले असतात. एका जागी अडकलेली दोन माणसे, त्यातल्या एकाला पगार मिळतो. यात नाटक नाही असे कोण म्हणेल?

जिथे हे लिहिले गेले तिथे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतला टेड कॉनोव्हर हा पत्रकार. न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगखात्याने त्याला नव्या रक्षकाबरोबर राहून लिहायची परवानगी नाकारली, तेव्हा त्याने त्या नोकरीसाठी सरळ अर्ज केला, प्रशिक्षण घेतले आणि १९९७-९८ च्या सुमारास सिंग सिंग या जुन्या तुरुंगात शिपाईगिरी केली. त्याचे 'न्यूजॅक' २००० साली आले. मी ते डिक्शनरी शेजारी ठेवून दोन पावसाळ्यांत वाचले. त्यात मारामाऱ्या आहेत, पण मला धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या राज्यात उत्तरेकडे दूरदूरच्या खेड्यांत तुरुंग आहेत. शेती आणि कारखाने गेलेल्या गावांना तुरुंग हीच नोकरी. तिथली पोरे भरती होतात, नवखी म्हणून शहराजवळच्या सिंग सिंगला पाठवली जातात आणि ज्येष्ठता साठवून आपल्या गावाजवळ बदली कधी मिळेल याचे दिवस मोजतात. म्हणजे गजाच्या दोन्ही बाजूंना दिवस मोजणे चालू! हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या मामांनी 'रत्नागिरी नाहीतर सावंतवाडी' हा बदलीचा अर्ज किती वेळा केला असेल याची मोजदाद मामीकडे होती. आईच्या आजारपणाचे कारण लिहून केलेला अर्ज मंजूर झाला तेव्हा आईचे वर्षश्राद्ध झाले होते.

कॉनोव्हर मात्र वर्षभराने बाहेर पडून लेखक झाला, कारण तो आधीपासून लेखक होता. त्याच्या पुस्तकाचा हा एक कच्चा दुवा आहे आणि तो स्वतः तो लपवत नाही. ज्याला परत जायचे ठिकाण आहे त्याची रात्रपाळी आणि ज्याला पुढची तीस वर्षे तीच करायची आहे त्याची रात्रपाळी एक नव्हे. आपल्याकडेही तुरुंगखात्यातून निवृत्त झालेल्या वरिष्ठांची पुस्तके येतात. दिल्लीच्या तिहारमध्ये अधिकारी असलेल्या सुनील गुप्ता यांचे 'ब्लॅक वॉरंट' २०१९ मध्ये एका पत्रकाराच्या साहाय्याने आले आणि त्यावर मालिकाही निघाली. प्रामाणिक पुस्तक आहे, पण वाचक त्याच्याकडे वळतो तो नामांकित कैदी आणि फाशीच्या हकिगतींसाठी. मामांच्या बराकीत नामांकित कोणी नव्हते. शेतीच्या बांधावरून कोयता चाललेला, दारूभट्टीवर सापडलेला, जामिनाला माणूस नाही म्हणून वर्ष काढणारा कच्चा कैदी. त्यांच्यापैकी पुष्कळ जण मामांच्याच सारख्या घरांतून आलेले. मला वाटते, शिपाई लिहीत नाही याचे खरे कारण इथे आहे. नोकरीत असताना वर्तणुकीचे नियम तोंड बांधतात हे खरेच. पण पेन्शनीत गेलेल्यालाही लिहावेसे वाटत नाही, कारण साहित्यात त्याच्यासाठी दोनच जागा शिल्लक ठेवल्या आहेत. एक बारीची, एक आदिनाथची. आपण तितके वाईट नव्हतो हे त्याला माहीत असते आणि तितके चांगले नव्हतो हेही. मामांनी कोणावर हात उचलला नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना विचारण्याची हिंमत मला झाली नाही. तो प्रश्न टाळून त्यांच्याविषयी हळवे होणे मला जमण्यासारखे आहे, आणि म्हणूनच मी ते करू नये असे ठरवले आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली होती. एकदाच, चिवल्यावर, रापण ओढण्याची वाट बघत बसलो असताना. जुलैतली रात्र, वारा आणि पाऊस, वीज गेलेली. कंदील टिकत नव्हता आणि बराकीत काही दिसत नव्हते. त्या काळोखात गिनती कशी घेणार? मामांनी गजाशी उभे राहून एकेकाचे नाव पुकारायला सुरुवात केली. आतून 'हजर' आले की पुढचे नाव. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. मधे कोणाचा आवाज आला नाही तर शेजारच्याला सांगून त्याला हलवून उठवायचे. कैदी आधी वैतागले, शिव्या आल्या, मग सवयीने झोपेतच हजर म्हणू लागले. पहाटे कधीतरी एक फेरी संपल्यावर मामा दम घ्यायला थांबले. बराच वेळ पुकारा आला नाही, तशी आतून एक जण म्हणाला, "हवालदार, हजर?"

'दो आँखें'तली नजर आणि ही हाक, या दोहोंमध्ये किती अंतर आहे ते मला अजून नीट मांडता येत नाही. पाहण्यासाठी उजेड लागतो आणि पाहणारा उंचावर लागतो. त्या रात्री दोन्ही नव्हते.

त्यावर तुम्ही काय म्हणालात, हे मी विचारणार होतो. तेवढ्यात दोरांवर माणसे लागली आणि मामा उठून मोजायला गेले.